पहाटेचा सायकलस्वार आणि त्याचा पोशाख

पुण्यास हिवाळ्यांत सकाळीं सहा वाजतां रस्त्यावर जो अंधार असतो, त्याचें एक कारण आकाशांत असलें तरी दुसरें घड्याळांत आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली. पुणें शहर ७४ अंशांच्या आसपास वसलेलें. प्रत्येक अंशास चार मिनिटें या हिशेबानें पुण्याचा सूर्य घड्याळाच्या मागें सुमारें ३५ मिनिटें चालतो. जानेवारीच्या मध्यास कोलकात्यांत सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. त्याच दिवशीं पुण्यांत तो सात वाजून गेल्यावर आठ-दहा मिनिटांनीं दर्शन देतो. कारखान्याची पहिली पाळी, सकाळच्या सत्राची शाळा, दूध आणि वर्तमानपत्र हीं सर्व घड्याळाप्रमाणें चालतात, सूर्याप्रमाणें नव्हे. त्यामुळें ज्यास सात वाजतां कामावर हजर व्हावयाचें, त्यानें सायकलवर टांग टाकावयाची ती काळोखांतच.

आणि थंडींतही. पुण्याची थंडी ती काय, असें दिल्लीचा मनुष्य म्हणेल. परंतु डिसेंबर-जानेवारींत पहाटे पारा १० अंशांपर्यंत किंवा त्याखालीं येणें ही येथें नेहमींची गोष्ट आहे, आणि १९३५ च्या जानेवारींत तो १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. अशा वेळीं घरांतील वडील माणसें बाहेर निघणाऱ्यास एकच प्रश्न विचारतात : “स्वेटर घातलास का?” प्रश्न मायेचा आहे, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, व तो असा कीं, हा स्वेटर घातल्यावर तूं रस्त्यांत कोणास दिसशील का?

प्रथम थंडीचा विचार. सायकलस्वाराची थंडी पादचाऱ्याच्या थंडीहून निराळी असते. हवा अगदीं स्थिर असली तरी ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणारा मनुष्य स्वतःच्या तोंडावर तेवढ्याच वेगाचा वारा निर्माण करीत असतो. वाऱ्यामुळें अंगास किती अधिक गार वाटतें, हें काढण्याचें एक सूत्र अमेरिका व कॅनडा या देशांनीं २००१ सालीं स्वीकारलें. त्याप्रमाणें १० अंशांची हवा अशा वाऱ्यांत उघड्या चेहऱ्यास ७ अंशांच्या सुमाराची वाटते. तीन अंशांचा हा फरक कांहीं फार नव्हे, व केवळ त्याच्या भीतीनें एका स्वेटरावर दुसरा चढविण्याचें कारण नाहीं. सायकलस्वाराचा खरा शत्रु वारा नसून घाम आहे.

मनुष्याचे स्नायू हें फारसें काटकसरी यंत्र नव्हे. पायडल मारतांना जी शक्ति खर्च होते, तिच्यापैकीं जेमतेम पाव हिस्सा चाकास मिळतो. बाकीची उष्णता होऊन अंगांतच राहते. म्हणून घराच्या उंबऱ्यावर ज्यास अगदीं उबदार वाटतें, तो पहिल्या तीन-चार किलोमीटरांतच घामानें भिजतो. मग उतार लागला, किंवा चौकांत तांबड्या दिव्यापाशीं थांबावें लागलें, कीं त्याच घामाचें गार पाणी होतें. सराईत सायकलस्वार निघतांना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालतात, व दहा मिनिटांनीं त्यांना तेच पुरेसे होतात.

अंगाशीं असणारें वस्त्र या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. सुती गंजीफ्रॉक उन्हाळ्यांत जितका सुखाचा, तितकाच तो या कामीं घातक. सूत पाणी पिऊन बसतें व लवकर वाळत नाहीं, आणि पाण्यांतून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक सहज निघून जाते. लोंकरीचा गुण याच्या उलट आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळ जवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ ती पोटांत घेते, तरी हातास ओली लागत नाहीं. खेळाडूंच्या सदऱ्यांचें पॉलिएस्टर कापड तिसरा मार्ग धरतें. तें पाणी शोषीतच नाहीं, बाहेरच्या थराकडे ढकलून देतें. पातळ लोंकरीचा बनियन महाग वाटल्यास हा खेळाचा सदरा अंगाशीं घालावा, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, व सर्वांत वर वारा अडविणारें, पुढें चेन असलेलें पातळ विंडचीटर. चेन हें येथें शोभेचें साधन नव्हे. चढ लागतांच ती छातीपर्यंत उघडावी व उतारापूर्वीं लावून घ्यावी. पावसाळी रबरी कोट मात्र या कामीं घेऊं नये. तो बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं हें खरें, पण आंतलें बाहेरही जाऊं देत नाहीं.

वारा मुख्यतः छातीवर येतो, पाठीवर नाहीं. ही साधी गोष्ट फ्रान्सांतील टूर द फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतीचे स्पर्धक फार पूर्वीपासून जाणून होते. आल्प्स पर्वताच्या माथ्यावर पोहोंचल्यावर ते प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र मागून घेत, तें सदऱ्याच्या आंत छातीवर पसरीत व मग पुढील उतारास लागत. कागदाच्या घड्यांत अडकलेली हवा व वाऱ्यास झालेला अडसर यांमुळें उत्तम ऊब राहते. पहाटे वर्तमानपत्रें टाकीत फिरणाऱ्या मुलाच्या पिशवींत हा उपाय आयताच असतो, याची त्यास बहुधा कल्पना नसते.

हातांविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे, कारण तेथें ऊब व सुरक्षितपणा यांची गांठ पडते. थंडींत शरीर आपली ऊब मुख्य अवयवांसाठीं राखून ठेवतें व बोटांकडे जाणारें रक्त कमी करतें. बधिर झालेलें बोट दुखत नाहीं, म्हणून त्याची तक्रारही होत नाहीं. तें फक्त ब्रेकवर उशिरा आवळलें जातें. घरीं विणलेले लोंकरी हातमोजे प्रेमाचे असतात, पण त्यांच्या वीणींतून वारा आरपार जातो व ब्रेकच्या दांडीवरून ते घसरतात. तळहातास चामडें किंवा रबर असलेले, बोटांशीं घट्ट बसणारे मोजे घ्यावे. मोटारसायकलचे जाड मोजे कित्येकजण घेतात. परंतु जो मोजा घालून हातांतलीं नाणीं मोजतां येत नाहींत, तो सायकलस्वाराच्या उपयोगाचा नाहीं. पायांस साधे लोंकरी पायमोजे व बंद बूट पुरतात.

कान झांकणें अवश्य आहे, परंतु जाड माकडटोपी शिरस्त्राणाखालीं घातली तर शिरस्त्राण डोक्यावर नीट बसत नाहीं आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाजही मंद होतो. पातळ कानटोपी किंवा कानपट्टी बरी. मफलर तर टाळलेलाच चांगला. विख्यात नर्तकी इझाडोरा डंकन हिचा १९२७ सालीं फ्रान्सांतील नीस शहरीं अंत झाला तो गळ्यांतील लांब वस्त्र मोटारीच्या चाकांत गुंतून. सायकलचें चाक मोटारीच्या चाकाइतकें बलवान नसलें तरी मफलर, ओढणी किंवा शालीचा पदर ओढून माणसास खालीं आणण्याइतकें बल त्यांत खात्रीनें असतें. ओढणी वापरावयाचीच असेल तर ती विंडचीटरच्या आंत घेऊन चेन लावावी.

आतां त्या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाकडे वळावयाचें. दुकानांत गरम कपडे पाहावयास गेल्यास काय आढळतें? काळा, तपकिरी, गडद निळा, राखी. गृहस्थही मळखाऊ रंग म्हणून तोच पसंत करतात, कारण स्वेटर रोज धुवावयाचा नसतो. याचा परिणाम असा होतो कीं शाळकरी मुलाच्या गणवेषाचा पांढरा सदरा, जो अंधारांत थोडाफार तरी दिसला असता, तो निळ्या स्वेटराखालीं झांकला जातो व पाठीवर काळें दप्तर चढतें. ज्या पोशाखानें आईची काळजी मिटते, तोच पोशाख मुलास रस्त्यांतून पुसून टाकतो.

मोटारवाल्याच्या बाजूनें थोडें गणित मांडावें. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदास सुमारें १४ मीटर अंतर तोडते. समोर कांहीं आहे हें ध्यानांत येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी १४-१५ मीटर लागतात. एकूण ३५ मीटर, म्हणजे एकामागें एक लावलेल्या आठ-नऊ मोटारींची रांग. एवढ्या अंतरावरून सायकलस्वार ओळखतां आला पाहिजे, आणि काळा स्वेटर आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा अगदीं थोडा अंश परत पाठवितो. गाडीवानानें डोळे उघडे ठेवले पाहिजेत, सायकलस्वारानें कां नटावें, असा आक्षेप घेतला जातो. तो न्यायाचाच आहे. परंतु मुलासाठीं जाकीट विकत आणतां येतें. परक्या गाडीवानाचे डोळे आणतां येत नाहींत.

येथें एक घोटाळा होतो, आणि तो सुशिक्षित घरांतही होतो. झगझगीत पोपटी किंवा नारिंगी रंगाचें जाकीट आणलें म्हणजे काम झालें असें समजतात. या फ्लोरोसंट रंगांचा शोध १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील रॉबर्ट व जोसेफ स्वित्झर या बंधूंनीं लावला. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे जे अतिनील किरण असतात, त्यांचें हे रंग दृश्य प्रकाशांत रूपांतर करतात, म्हणून ते जणूं स्वतः पेटल्यासारखे भासतात. उजाडूं लागल्यानंतरच्या मंद प्रकाशांत त्यांच्यासारखा उपयोगी रंग नाहीं. परंतु पहाटे साडेपांच वाजतां अतिनील किरण आणावयाचे कोठून? रस्त्यावरील दिव्यांत व मोटारीच्या दिव्यांत ते जवळ जवळ नसतातच. त्या वेळीं पोपटी जाकीट म्हणजे केवळ एक फिकट रंगाचें जाकीट.

काळोखांत काम करते ती परावर्तक पट्टी. तिच्यांत कांचेचे अतिसूक्ष्म मणी हजारोंनीं बसविलेले असतात. मण्यांत शिरलेला किरण वळतो, मागच्या बाजूवर आपटून पुन्हां वळतो, व ज्या दिशेनें आला त्याच दिशेस परत जातो. गाडीचा दिवा व गाडीवानाचे डोळे जवळ जवळ असल्यामुळें हा प्रकाश नेमका त्याच्याकडे येतो. इंग्लंडांत यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यानें १९३४ सालीं रस्त्यांत बसविण्याचे ‘मांजराचे डोळे’ काढले, त्यांचें तत्त्वही हेंच. मात्र बाजारांत कांहीं जाकिटांवरील पट्टी ही नुसता राखी रंग असते. तिची परीक्षा घरींच करतां येते. अंधाऱ्या बोळाच्या टोकाशीं जाकीट टांगावें, विजेरी डोळ्याच्या शेजारीं कानशिलाशीं धरून तिकडे पाहावें. पट्टी खरी असेल तर ती चांदीसारखी भडकून उठेल; विजेरी कंबरेपाशीं नेली कीं ती मंदावेल. खोट्या पट्टीस विजेरी कोठेंही धरली तरी सारखेंच. खऱ्या पट्टीवर इस्त्री फिरवूं नये व ब्रश घांसूं नये. मणी गळून पडतात.

पट्टी लावावी कोठें, हा प्रश्न तिच्या खरेपणाइतकाच महत्त्वाचा आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसाच्या केवळ सांध्यांवरचे प्रकाशबिंदु अंधारांत दाखविले होते. बिंदु हलूं लागतांच पाहणारांनीं तत्काळ ओळखलें कीं, हा चालणारा मनुष्य आहे. स्थिर चकाकी ही दगडाची, फलकाची, कशाचीही असूं शकते. वरखालीं होणारी चकाकी सजीवाचीच. हें तत्त्व सायकलस्वारास कसें लागू पडतें, तें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत दिसून आलें. रात्रीं रहदारी बंद केलेल्या रस्त्यावर गाडी चालविणारांनीं काळ्या पोशाखांतील सायकलस्वार शंभरांपैकीं अवघ्या २ वेळां ओळखला. फ्लोरोसंट जाकीट असतां १५ वेळां. परावर्तक जाकीट असतां ५० वेळां. आणि त्या जाकिटाच्या जोडीस घोट्यांवर व गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या बांधल्या तेव्हां ९० वेळां. पट्टी तीच, पण पायावर गेली कीं बोलूं लागली.

जाकीट घातल्यानें प्रत्यक्ष अपघात कमी होतात का, हा याहून कठीण प्रश्न. डेन्मार्कमध्यें सुमारें ६,८०० सायकलस्वारांवर हा प्रयोग झाला व त्याचा अहवाल २०१८ सालीं निघाला. निम्म्यांस पिवळीं जाकिटें दिलीं होतीं. त्यांनीं इजेचे अपघात ४७ टक्के कमी कळविले. परंतु ज्यांत दुसरी कोणतीच गाडी नव्हती असे अपघातही त्यांनीं कमीच कळविले, आणि पिवळ्या रंगानें एकट्याचें घसरणें टळत नसतें. ही शंका जमेस धरून संशोधकांनीं पुन्हां हिशेब केला तेव्हां इतरांशीं टक्कर होऊन इजा होण्याच्या अपघातांत ३८ टक्के घट उरली. ती उरते हेंही थोडें नव्हे.

पाठीवर दप्तर येत असल्यास जाकिटाची पाठ व्यर्थ जाते, म्हणून एक रुंद पट्टी दप्तरासच शिवून टाकावी. दिव्यांची जागा पोशाख घेत नाहीं. पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा हवाच, आणि लांब कोटाची किंवा शालीची किनार मागच्या दिव्यावर लोंबूं देऊं नये. थोड्या पैशांत काम भागवावयाचें झाल्यास दोन घोट्यांच्या दोन पट्ट्या प्रथम घ्याव्या. विजारीचा पाय साखळींत जाऊं न देण्याचें कामही त्याच करतात.

घरोघर दूध व वर्तमानपत्र पोहोंचविणाऱ्या मुलांपैकीं फार थोड्यांच्या पायांत अशा पट्ट्या दिसतात, आणि सर्वांत काळोखाची वेळ तर त्यांचीच. फेब्रुवारीअखेर पुण्याचा सूर्योदय सात वाजण्याच्या आंत येतो व स्वेटर पेटींत जातात. पण वर्तमानपत्रांचे गठ्ठे पहाटे पांचच्या सुमारास सायकलवर चढतात, आणि त्या वेळीं मे महिन्यांतही सूर्योदयास जवळ जवळ एक तास असतो.