फरशीवरचे लिंबू आणि समुद्रातले प्लवक

आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराला शहाबादी फरशी होती. लिंबू पिळताना रस सांडला आणि लगेच पुसला नाही, की तिथे पांढरट डाग पडे. आई म्हणायची, "लिंबाने फरशी खाल्ली!" पुढे मी रसायनशास्त्र शिकलो, बरीच वर्षे शिकवलेही. तेव्हा कळले की आई बोलत होती ते अक्षरशः खरे होते. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागले की ते विरघळते. आज मी याच गोष्टीचे एक फार मोठे रूप सांगणार आहे. त्यात फरशीच्या जागी आहेत समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचे, आणि आम्ल येते आहे ते आपल्या धुराड्यांतून.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. सोडावॉटरच्या बाटलीत घडते तेच इथे घडते. वायू पाण्यात विरघळतो आणि त्याचे कार्बोनिक आम्ल बनते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवेतल्या या वायूची मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ मध्ये हा आकडा ४२० च्या पुढे होता. त्याच बेटांच्या उत्तरेला १९८८ पासून समुद्राच्या पाण्याचे नमुने नियमित तपासले जातात. हवेतला आलेख चढत जातो, तसा पाण्याचा सामू उतरत जाताना तिथे स्पष्ट दिसतो.

सामू हा शब्द माती परीक्षणामुळे शेतकरी बांधवांच्या परिचयाचा आहे. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. यंत्रयुगापूर्वी समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे ८.२ होता, आता तो ८.१ च्या आसपास आला आहे. म्हणजे समुद्र काही आंबट झालेला नाही, तो अजूनही अल्कधर्मीच आहे. पण या मापात एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणून ०.१ ची घट किरकोळ वाटली, तरी तिचा अर्थ हायड्रोजन आयनांचे प्रमाण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढले, असा होतो. हे जादा आयन पाण्यातल्या कार्बोनेटचे बायकार्बोनेट करून टाकतात. कार्बोनेट कमी झाले की चुन्याचे कवच बांधायला जास्त शक्ती खर्चावी लागते आणि बांधलेले टिकवणेही अवघड जाते.

असे कवच बांधणारे अनेक जीव प्लवकांमध्ये आहेत. प्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जीव. त्यांतले वनस्पतिप्लवक इतके बारीक, की बहुतेक साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण पृथ्वीवर जेवढे प्रकाशसंश्लेषण होते, त्यातले जवळजवळ निम्मे त्यांच्याकडून होते. त्यांना प्राणिप्लवक खातात, प्राणिप्लवकांना मासे.

प्राणिप्लवकांत टेरोपॉड नावाची इवलीशी गोगलगाय आहे. पंखांसारख्या अवयवांनी ती पोहते, म्हणून तिला सागरी फुलपाखरू म्हणतात. दक्षिण महासागरात या शतकाअखेर अपेक्षित असलेल्या पाण्यासारख्या पाण्यात या गोगलगायी ठेवल्या, तर ४८ तासांत कवच विरघळू लागते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. पुढे प्रयोगशाळेचीही गरज उरली नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ २०११ मध्ये जाळ्यात आलेल्या गोगलगायींपैकी निम्म्याहून अधिकांची कवचे आधीच बरीच झिजलेली होती.

इथवर गोष्ट सरळ वाटते. पण ती तशी नाही. एमिलियानिया हक्सलेयी नावाचा एक वनस्पतिप्लवक आहे. त्याच्या एकाच पेशीवर खडूच्या सूक्ष्म तबकड्यांचे चिलखत असते. त्याला बहर आला की समुद्र दुधाळ निळा दिसतो, उपग्रहातूनही दिसतो. इंग्लंडमधले डोव्हरचे पांढरे कडे त्याच्याच प्राचीन भाऊबंदांच्या तबकड्यांचे बनले आहेत. या प्लवकावर जादा कार्बन डायऑक्साइडचा काय परिणाम होतो? २००० साली एका गटाने सांगितले की तबकड्या कमी बनतात. २००८ मध्ये दुसऱ्या गटाने सांगितले की जास्त बनतात. प्रयोगशाळेत तो जीव मरत तर नव्हता. मग काळजी कशाची?

उत्तर मिळाले ते नॉर्वेत. बर्गेनजवळच्या खाडीत २०११ मध्ये जर्मनीतील कीलच्या शास्त्रज्ञांनी नऊ प्रचंड पिशव्या सोडल्या. प्रत्येकीत खाडीचेच पाणी आणि त्यातला सगळा गोतावळा जसाच्या तसा. काही पिशव्यांत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वेगवेगळ्या प्रमाणात वाढवला. जिथे तो जास्त होता, तिथे आपल्या प्लवकाची वाढ थोडीशीच मंदावली. पण त्याला खाणारे आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे काही थांबले नाहीत. बहराचे दिवस आले तेव्हा त्याची संख्या इतकी घटलेली होती, की बहर आलाच नाही.

भातशेती करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. लावणीनंतर रोप आठ दिवस मागे पडले, की तण डोके वर काढते आणि रोप मग कधीच वर येत नाही. रोप एकटे कुंडीत लावून पाहिले असते, तर हा फरक आपल्या लक्षातही आला नसता. आम्लीकरणाबद्दल मला सांगायचे आहे ते एवढेच. त्याने समुद्र निर्जीव होणार नाही, पण तिथे कोण राहील आणि कोण मागे पडेल हे बदलेल.

त्या बदलाचे परिणाम दूरवर जातात. तो बहर हुकला तेव्हा तळाकडे बुडणारा सेंद्रिय माल घटला. चुन्याच्या वजनाने जो कार्बन खोल जाऊन बसतो, तो वरच राहू लागला. ढग बनायला मदत करणारा डायमिथाइल सल्फाइड हा वायूही कमी झाला. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन येथे २०१० मध्ये केलेल्या अशाच प्रयोगात फायदा झाला तो अतिसूक्ष्म प्लवकांचा. खाद्य इतके बारीक झाले की मासा आणि ते यांच्यामध्ये आणखी एक खाणारा येतो, आणि अशा प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा वाया जाते.

आपला अरबी समुद्र यापासून अलिप्त नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तेच पाणी खतही घेऊन येते, म्हणून प्लवक फोफावतात आणि त्यांवर तारली आणि बांगडा पोसले जातात. म्हणजे आपल्या ताटातला मासा याच साखळीतला आहे.

समुद्र स्वतःही उपाय करतो. तळाशी साठलेला प्लवकांचा चुना विरघळून आम्ल मारतो, पण त्या कामाला हजारो वर्षे लागतात. आपण मात्र सगळे आम्ल दोन-अडीच शतकांत ओतले. समुद्रात चुना किंवा तत्सम पदार्थ मिसळण्याचे प्रयोगही आता सुरू आहेत. ते जरूर व्हावेत. पण आमच्याकडे लिंबाचा रस फरशीवर ठिबकू लागला, की आई फडके शोधायच्या आधी एकच सांगायची, "अरे, आधी ते लिंबू उचल!"