बंद पाकिटाचा भरवसा

धान्य निवडणे, पाखडणे आणि चाळणे ही कामे एके काळी घरोघरच्या स्त्रियांच्या सकाळचा मोठा भाग व्यापीत असत. तांदळात खडा, डाळीत सोंडा, गव्हात मातीचे ढेकूळ त्या वेळीही निघेच. पण तेवढ्यावरून कोणी हवालदिल होत नसे. बाजारच्या धान्यात खडे असावयाचेच आणि ते वेचून काढणे हे घरचे काम, अशी सर्वांची समजूत होती. वाणी फारच लबाड निघाला, तर पुढच्या महिन्यात दुसरे दुकान धरावयाचे, इतकेच.

पाकीट आले आणि हा व्यवहार पालटला. पिठाचे, बिस्किटांचे, चॉकोलेटचे वेष्टन बंद असते. आतला माल चिमटीत धरून किंवा हुंगून पाहण्याची सोय गिऱ्हाइकाला उरत नाही. निवडण्या-पाखडण्याचे काम कारखानदाराने आपल्या अंगावर घेतलेले असते आणि त्याचा आकार किमतीत लावलेलाही असतो. सुपात निघालेला खडा आणि पाकिटात निघालेली अळी यांचा मनावर होणारा परिणाम इतका भिन्न का, याचे कारण येथे आहे. पहिल्याने कष्ट वाढतात; दुसरीने आपली फसवणूक झाली असे वाटते. शहरातील कुटुंबांना हा अनुभव परिचयाचा आहे. परंतु जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी तालुक्यांत पाकीट दुकानातून न येता अंगणवाडीतून येते. तेथे हाच प्रकार घडला म्हणजे काय होते, याचा विचार शहरात क्वचितच केला जातो.

या विषयातील सर्वांत गाजलेला खटला स्कॉटलंडमधील पेझ्ली गावचा. १९२८ च्या ऑगस्ट महिन्यात मे डोनोह्यू नावाची एक बाई मैत्रिणीबरोबर तेथील उपाहारगृहात गेली होती. मैत्रिणीने तिला आल्याच्या पेयाची बाटली घेऊन दिली. बाटली गडद काचेची असल्यामुळे आतले काही दिसत नव्हते. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले पेल्यात ओतले, तेव्हा त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे बाईचे म्हणणे होते. ती आजारी पडली. तथापि तिने दाद मागावी कोणाकडे? पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे दुकानदाराशी हिचा करार नाही. आणि कारखानदाराशी तर दोघींपैकी कोणाचाच नाही. जगात आपली पाच पौंडांचीही मालमत्ता नाही असे लिहून देऊन या बाईने खर्चाच्या जामिनाची अट माफ करून घेतली आणि खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेला. २६ मे १९३२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल तिच्या बाजूने लागला. मधल्या मध्ये कोणाला तपासून पाहता येणार नाही अशा रीतीने जो माल बंद करून पाठवितो, त्याची जबाबदारी थेट शेवटी खाणाऱ्यापर्यंत पोहोचते, मग पैसे कोणीही दिलेले असोत, हे तत्त्व लॉर्ड ॲटकिन यांनी त्यात मांडले. गंमत अशी की, कारखानदार स्टीव्हन्सन त्याच वर्षी वारला व प्रकरण आपसात मिटले. त्यामुळे बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही, हे सिद्ध व्हावयाचे राहूनच गेले.

महाराष्ट्रात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो २००३ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर. मुंबईत कॅडबरीच्या चॉकोलेटमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या. अन्न व औषध प्रशासनाने चौकशी आरंभिली आणि पुण्याजवळच्या कारखान्यातील माल जप्त केला. कंपनीचे म्हणणे असे की, कारखान्यात दोष नाही. दुकानदार माल नीट ठेवीत नाहीत. शासनाच्या अधिकाऱ्यांचे उत्तर असे की, दुकानात कीड शिरली असेल, तर ज्या वेष्टनातून ती शिरू शकली ते वेष्टन कोणाचे? हे उत्तर बिनतोड होते. पिठाच्या व सुक्या मेव्याच्या पतंगाची नुकतीच जन्मलेली अळी केसासारखी बारीक असते; दुमडून चिकटविलेल्या कागदाच्या घडीत तिला वाट सापडते, आणि काही जातींच्या अळ्या पातळ वेष्टन कुरतडूनही आत जातात. त्या दिवाळीत खप सुमारे तीस टक्क्यांनी घसरल्याचे प्रसिद्ध झाले होते. पुढे २००४ च्या आरंभी कंपनीने वेष्टन बदलले. उष्णतेने चारी बाजूंनी सांधलेला वर्ख आणि त्यावर आणखी एक बंद आवरण आले. अमिताभ बच्चन यांना जाहिरातींत उभे केले गेले. दुकानदारांना माल कसा ठेवावा हे शिकविण्याचा जो उपक्रम कंपनीने काढला, त्याचे नावच ‘विश्वास’ होते. गिऱ्हाईक परतले, पण बच्चन यांच्या शब्दापेक्षा त्या सांधलेल्या वर्खाचा त्यात अधिक वाटा असावा.

कारखान्यात अशा वस्तू शिरण्याचे मार्ग तीन आहेत. शेतातून खडे, माती, काड्या व गोणीचे सुतळीचे तंतू येतात. यंत्रातून व माणसांकडून लोखंडाचा कपचा, स्क्रू, केस, काचेचा तुकडा येतो. आणि गुदामातून कीड, पाल, उंदीर. पहिल्यांना चाळण्या आहेत. लोखंडाला चुंबक आणि धातुशोधक यंत्र आहे. क्ष-किरणांचे यंत्र काच, दगड, हाड अशा घन वस्तू दाखविते. परंतु केस, पातळ प्लास्टिक किंवा मऊ अंगाची अळी या यंत्रांच्या नजरेतून सहज निसटते. तेथे स्वच्छता आणि माणसाचे लक्ष यांवाचून दुसरा उपाय नाही. जून २०२४ मध्ये मुंबईत मालाड येथे घरपोच मागविलेल्या आइस्क्रीममध्ये माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला. तपासात तो इंदापूरच्या कारखान्यातील एका कामगाराचा असल्याचे जनुकीय परीक्षणाने ठरले. त्या वेळी घरोघरी आइस्क्रीमची किळस हाच चर्चेचा विषय होता. यंत्रात बोट गमावलेल्या त्या माणसाबद्दल फारच थोडे बोलले गेले.

अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आहे. अन्नात बाह्य पदार्थ आढळल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे, आणि अन्न अपायकारक ठरल्यास त्याहून कडक शिक्षा. विकत घेतलेला माल फी भरून विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकारही गिऱ्हाइकाला आहे. मात्र त्यासाठी पाकीट फेकून न देता जपून ठेवावे लागते, बॅच नंबर वाचावा लागतो, पावती लागते आणि तालुक्याबाहेरच्या कचेरीत खेपा घालाव्या लागतात.

आता जव्हार-मोखाड्याकडे वळावे. पूर्वीच्या जव्हार संस्थानचा हा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. मुंबईला पाणी पुरविणारे मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याजवळ आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या लोकांचे पाडे डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले आहेत. भात, नागली आणि वरई ही त्यांची पिके. नागलीचा गुण असा की, कोरडी ठेवल्यास ती वर्षानुवर्षे किडत नाही. शेणाने सारवलेल्या कणगीत ती सुखाने राहते. पण ती पुरत नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२-९३ च्या बालमृत्यूंनी या भागाचे नाव सर्वत्र पोहोचविले, आणि त्यानंतरही कुपोषणाची वार्ता येथून येतच राहिली आहे.

तेथील सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी शासनाने अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार सुरू केला. शिरा, उपमा, सुकडी अशा नावांनी गहू, सोयाबीन, साखर वगैरेंचे तयार मिश्रण पाकिटांतून येऊ लागले. हेतू उत्तम होता. तथापि ज्या घरात नागलीची भाकर आणि भात शिजतो, तेथे ही भुकटी अनोळखी. तिची चव मुलांना रुचत नाही आणि माता ती जनावरांपुढे टाकतात, अशा बातम्या आदिवासी तालुक्यांतून वेळोवेळी वृत्तपत्रांत आल्या आहेत. त्यांवरून शहरात पुष्कळदा असा निष्कर्ष काढला जातो की, या मातांना पोषणाचे महत्त्व समजत नाही. हा निष्कर्ष उतावळा आहे. शहरातील स्त्रीला पाकिटाचा संशय आला, तर ती ते परत करते, दुसऱ्या कंपनीचे घेते, ग्राहक मंचाकडे जाते. मोखाड्यातील मातेला दुसरी कंपनी नाही आणि परत करण्याचे दुकानही नाही. पसंती-नापसंती कळविण्याचा एकच मार्ग तिच्या हाती राहतो, तो म्हणजे न खाणे. जे मूल आधीच वजनाने कमी आहे, त्याच्या अंगावर ही नापसंती पडते.

त्यातून पाकिटात खरोखरच काही निघाले, म्हणजे एका गावची गोष्ट दहा गावांना पुरते. जुलै २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यात पलूस येथे अंगणवाडीच्या खिचडीच्या पाकिटात मेलेला लहान साप निघाल्याची तक्रार झाली आणि ती राज्यभर वाचली गेली. अशा वेळी पहिला रोष ओढवतो तो अंगणवाडीच्या ताईवर. वस्तुतः पाकीट तिलाही बंदच मिळालेले असते. गुदाम तिचे नव्हे, कारखाना तिने पाहिलेला नसतो. आणि ज्या मातेने जाब विचारावयाचा, ती बहुधा त्याच पाड्यावरची शेजारीण असते. तक्रार तेथेच, दोघींमध्ये जिरते. पेझ्लीच्या बाईप्रमाणे या मातेनेही पाकिटाचे पैसे दिलेले नसतात, आणि ‘फुकटचे आहे, तक्रार कशाची करता’ हे वाक्य तिला ऐकविणारे कोणी ना कोणी भेटतेच. लॉर्ड ॲटकिन यांनी १९३२ मध्ये जे ठरविले, ते या पाड्यांवर अजून पोहोचावयाचे आहे.

२०२० च्या साथीत एक वेगळा प्रयोग आपोआप घडला. अंगणवाड्या बंद झाल्या आणि राज्यात शिजविलेल्या आहाराच्या जागी गहू, डाळ, कडधान्य, हळद, तिखट, मीठ असा कोरडा शिधा घरी दिला गेला. त्यात खडे असतील, सोंडेही असतील. पण ते निवडून काढण्याचे साधन प्रत्येक घरात होते. मातेची नजर आणि अन्न यांच्यामध्ये पडदा राहिला नव्हता. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने २०१५ मध्ये आदिवासी भागांत सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतही हाच धागा आहे. तीत गरोदर व स्तनदा मातांसाठी गावातल्याच स्त्रिया अंगणवाडीत एक वेळचे जेवण शिजवितात. चूल समोर असते, शिजविणारी ओळखीची असते, आणि आमटीत काही पडले तर विचारावयाचे कोणाला हे सर्वांना ठाऊक असते. पैसे वेळेवर न येणे ही तिची दुखरी बाजू. परंतु ते दुखणे हिशेबाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातील मंडळे आणि बचतगट यांना प्राधान्य द्यावे, असा आदेश दिला होता. तरीही बचतगटांच्या नावाने मोठे पुरवठादारच पुढे येत राहिले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाला महाराष्ट्रातील सुमारे ६,३०० कोटी रुपयांची कंत्राटे रद्द करावी लागली. निविदेच्या अटीच अशा घातल्या होत्या की, लहान गटांना दारही दिसू नये. त्यानंतरही पाकिटे बंद झालेली नाहीत, आणि दुर्गम पाड्यांसाठी ती सर्वस्वी बंद व्हावीत असेही म्हणता येणार नाही. भरपावसात, ओढे तुंबलेले असता, महिन्याचा आहार एकदम पोहोचविण्याची सोय पाकिटातच आहे.

मग निदान इतके तरी व्हावे. पाकिटांची रास अंगणवाडीत आली की, प्रत्येक गोणीतील एक पाकीट वाटपापूर्वी सर्व बायकांच्या देखत फोडून परातीत ओतावे आणि चाळावे. काही निघाले तर ती गोणी तेथेच बाजूला ठेवावी, बॅच नंबर वहीत उतरवून घ्यावा, जमलेल्यांपैकी दोघींचे अंगठे वा सह्या घ्याव्यात, आणि ती तक्रार ताईच्या नावाने नव्हे तर पाड्याच्या नावाने तालुक्याला जावी. गोणीच्या बदली दुसरी किती दिवसांत यावयाची, हे भिंतीवर लिहिलेले असावे. कारण आषाढात जव्हारहून मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर गाडी पोहोचावयाला जितके दिवस लागतात, तितके दिवस त्या घरातील मूल भाताच्या पेजेवरच राहणार असते.