पाणी सोडायच्या वेळीच वीज का जाते?

कपडे फिरतात, साबणाचा फेस होतो, सगळे सुरळीत चालते. आणि पाणी बाहेर सोडायची वेळ आली की खटकन् आवाज होऊन घरातली वीज जाते. पंखा बंद, दिवा बंद, आणि काचेमागे घाण पाण्यात कपडे तसेच पडलेले. दारही उघडत नाही, कारण आत पाणी असेपर्यंत समोरून दार असलेली वॉशिंग मशीन कुलूप सोडत नाही. पाळी करून येऊन रात्री दहाला धुणे लावणाऱ्या आमच्या अनेक भगिनींना हा अनुभव आला असेल. गेल्या पावसाळ्यात तो आमच्याही घरी आला. त्यात जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या आईचे मनगट दुखू लागले तेव्हा हप्त्याने घेतलेली ही मशीन. पहिला मेकॅनिक आला, पाठीमागचे झाकणही न उघडता म्हणाला, "बोर्ड गेला. साडेपाच हजार लागतील." आणि तोवर काम अडू नये म्हणून मीटरजवळचा ईएलसीबी काढून तारा थेट जोडून द्यायला तो तयार होता. शेजारच्या वहिनींकडे त्याने तसे केलेही होते. त्यांची मशीन चालू होती. फक्त ओल्या हाताने दार उघडताना मुंग्या येतात, असे त्या सांगत. आम्ही तेव्हा हसलो होतो. आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

हा ईएलसीबी (आता मिळतो त्यावर आरसीसीबी लिहिलेले असते) एकच हिशेब ठेवतो. एका तारेने जितकी वीज घरात गेली, तितकी दुसऱ्या तारेने परत आली का? तफावत ३० मिलिअँपिअरपर्यंत गेली की तो वीज तोडतो. एमसीबी वेगळा. तारेवर जादा भार आला किंवा शॉर्ट झाले तरच तो पडतो. एवढीशी गळती त्याच्या खिजगणतीत नसते, पण तीच माणसाच्या छातीतून गेली तर जिवावर बेतू शकते. म्हणजे ईएलसीबी पडतो तेव्हा तो कटकट करीत नसतो, चुगली करीत असतो. चुगली कोणाची, ते शोधायचे.

आमची भाची आयटीआयमधून वीजतंत्री झाली आणि एका कारखान्यात देखभालीचे काम करते. तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "मामा, पडतो तेव्हा मशीन काय करत असते ते सांगा." पाणी भरताना पडला तर संशय पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हवर, तापवताना पडला तर हीटरवर, सोडताना पडला तर ड्रेन पंपावर. साडेपाच हजारांचा बोर्ड यात पहिला आरोपी नव्हेच.

आल्यावर तिने आधी प्लग उपसून काढला. नुसते बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते, मग ते बंद असूनही मशीनमध्ये वीज पोचलेली असते. नंतर समोर खालच्या कोपऱ्यातली झडप उघडून, पसरट परात लावून फिल्टर हळूहळू सैल केला. (गरम पाण्याचे धुणे असेल तर आधी ते निवू द्यावे.) आत निघाले काय? एक आकडा, रुपयाचे नाणे आणि मोज्याचा दोरा. इथवरचे काम कोणीही करावे. बहुतेक वेळा पंप अडतो तो असल्याच ऐवजाने, आणि तेव्हा नुसती गुणगुण ऐकू येते. आतले पाते बोटाने फिरवले तर ते अडखळत फिरते. तो दोष नव्हे, आतल्या चुंबकामुळे तसे होते.

यापुढचे काम मात्र जाणत्याचेच. आमच्या मशीनचा पंप २३० व्होल्टवर चालणारा, साधारण ३० वॉटचा. त्यात चुंबक पाण्यातच फिरतो आणि तारेची कॉइल प्लास्टिकच्या भिंतीपलीकडे कोरडी असते. ही भिंत तडकली किंवा वरून पाणी ठिबकले की वीज बाहेरचा रस्ता धरते. भाचीने पंपाच्या दोन तारा सोडवल्या, टोकांना नीट टेप लावला, झाकण बंद केले, सगळ्यांना दूर उभे केले आणि मशीन पाणी सोडण्यावर लावली. ईएलसीबी पडला नाही. आरोपी सापडला.

पण गंमत पाहा. प्लग काढून मल्टीमीटर लावला तर कॉइल १६० ओहम दाखवत होती. अशा पंपात दीडशे-दोनशेच्या आसपास आकडा म्हणजे कॉइल शाबूत. (नव्या काही मशीनमध्ये तीन तारांचे पंप येतात, त्यांचा हिशेब वेगळा.) पंपाच्या लोखंडी गाभ्याशी गळती आहे का पाहिले, तर तेही मीटर काही दाखवेना. मल्टीमीटर थोड्याशा व्होल्टवर तपासतो, त्याला बारीक गळती दिसत नाही. तिने पंप कारखान्यात नेऊन ५०० व्होल्टच्या मेगरवर लावला, तेव्हा दोष उघडा पडला. आम्हाला पडलेले कोडेही सुटले. ईएलसीबी रात्री पडायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन निमूट चालायची, कारण तोवर ओल वाळलेली असायची. आपोआप बरी झाली म्हणून आम्ही तीन आठवडे गप्प बसलो होतो.

वरच्या रबरी नळीची पट्टी सैल होऊन थेंब थेंब पाणी पंपाच्या जोडावर पडत होते. तांबे पार कळकले होते. नळी घट्ट केली, नऊशे रुपयांचा पंप बसवला. नळी तशीच ठेवली असती तर नवा पंपही त्याच वाटेने गेला असता. खालून मोकळ्या मशीनमध्ये उंदीर तारा कुरतडतात, तेही तिने पाहून घेतले. अर्ध-स्वयंचलित मशीनमध्ये सहसा असा पंप नसतो. नॉब फिरवला की पाणी उताराने जाते. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच मशीनमध्येही पंपाऐवजी व्हॉल्व्ह ओढणारी छोटी मोटर असते.

निघताना भाचीने वहिनींचा सॉकेट उघडून पाहिला. तिसऱ्या, मोठ्या पिनेच्या भोकाला अर्थिंगची तार नव्हतीच. न्यूट्रलवरून वीतभर तुकडा आणून तिथे जोडला होता. न्यूट्रल कुठे तुटली की या तुकड्यातून मशीनचा सगळा पत्राच जिवंत होतो, आणि थेट जोडलेल्या मीटरजवळ त्याला अडवणारे काही उरलेले नव्हते. वहिनी पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळाला मी त्याच मशीनला टेकवून बसवते गं."

त्यांचे धुणे सध्या मोरीत, बादलीत चालले आहे. येत्या रविवारी भाची मीटरपासून अर्थिंगची तार ओढून ईएलसीबी परत बसवणार आहे. सामान आम्ही आणून ठेवले आहे.