एचआयव्हीबाधितांची पाठदुखी व कायरोप्रॅक्टिक उपचार : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात अभ्यासाची दिशा

प्रस्तावना :
कापूस व सोयाबीन ही यवतमाळ जिल्ह्याची प्रमुख पिके होत. निंदण व वेचणी या कामांत कंबर सतत वाकलेली असते. त्यामुळे शेतमजुराची पाठदुखी ही कामाचीच मानली जाते आणि मालीश करणाऱ्याकडे किंवा हाडवैद्याकडे धाव घेतली जाते. रुग्ण एचआयव्हीबाधित असल्यास मात्र हे गृहीतक घातक ठरू शकते. अशा रुग्णांवरील हस्तोपचारांचा अभ्यास कसा व्हावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व पूर्वाभ्यास :
डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे कायरोप्रॅक्टिक पद्धती सुरू केली. मणक्यांच्या सांध्यांना हाताने नेमका, जलद झटका देणे हे तिचे मुख्य तंत्र होय. कंबरदुखीत या तंत्राने काही प्रमाणात आराम मिळतो. परंतु त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती वाढते, या दाव्यास विश्वसनीय पुरावा नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेवरील उपचारानंतर सीडी-४ पेशी वाढल्याचे नमूद आहे. पण त्यात अवघे १० रुग्ण होते. या पेशींची संख्या दिवसाच्या वेळेनुसार व इतर संसर्गामुळेही बदलते. म्हणून एवढ्या लहान नमुन्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

सुरक्षितता :
एचआयव्हीबाधितांमध्ये क्षयरोगाचा धोका अधिक असतो. मणक्याच्या क्षयात हाड पोखरले जाते. त्यावर झटका दिल्यास मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. टेनोफोविर या औषधानेही हाडांची घनता काहीशी घटते. म्हणून ताप, वजनातील घट, रात्रीची वेदना व पायांतील अशक्तपणा यांची चौकशी आणि आवश्यक ती क्ष-किरण वा एमआरआय तपासणी उपचारापूर्वीच व्हावयास हवी.

अभ्यासाची रचना :
भारतात १ एप्रिल २००४ पासून शासनामार्फत मोफत एआरटी उपलब्ध झाली. ती कोणत्याही गटात खंडित होता कामा नये. एका गटास व्यायाम व दुसऱ्यास व्यायामासह हस्तोपचार, अशी यादृच्छिक विभागणी करता येईल. रुग्णास उपचार कळतोच. निदान मोजमाप करणाऱ्यास गट ज्ञात नसावा. मोजावयाचे ते वेदना, बुडालेले कामाचे दिवस व औषधसेवनातील सातत्य.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार संशोधनासाठी ज्ञानपूर्वक संमती अनिवार्य आहे. केवळ नाव वगळणे पुरेसे नाही. झरी-जामणीसारख्या लहान तालुक्यात गाव, वय व व्यवसाय एवढ्यावरूनही व्यक्ती ओळखू येते. असा तपशील प्रसिद्ध करू नये.

निष्कर्ष :
हस्तोपचार एचआयव्हीवरील उपचार नव्हे. फार तर वेदनेवरील पूरक उपाय होय. ‘रोग बरा होतो का?’ याऐवजी ‘वेदना कमी होऊन रुग्ण सुरक्षितपणे कामावर परततो का?’ हाच संशोधनाचा प्रश्न असावा.