विश्लेषण : गणपतीआधी गावच्या घराची दुरुस्ती, खर्च एकाचा, मग घर कोणाचे?

मुंबई-गोवा महामार्गावर पेणची रामवाडी आली की चाकरमान्याला गाव जवळ आल्यासारखे वाटते. एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय इथलेच. याच तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे या गावांत वर्षभर गणेशमूर्ती घडतात आणि राज्यभर जातात. गणपती ज्या माजघरात बसायचा ते गावचे घर मात्र अनेक कुटुंबांत वर्षातला बराच काळ कुलूपबंद असते. मग सण जवळ आला की कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा सुरू होते. छप्पर गळते आहे, वासे कुजले आहेत, पैसे कोण देणार? त्यामागे न विचारलेला आणखी एक प्रश्न असतो. पैसे ज्याने दिले, घर त्याचे होणार का?

यंदा ज्येष्ठ महिना अधिक आल्याने गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला होती. म्हणजे दुरुस्तीला अडीच आठवडे जास्त मिळाले आहेत. ते केवळ गवंडी आणि सुतार शोधण्यात घालवावेत की आणखी कशात, हे समजून घेऊ.

दुरुस्तीची घाई गणपतीच्याच तोंडावर का?

एक कारण पावसाचे आणि दुसरे माणसांचे. कौलारू घराला दरवर्षी पावसाआधी शाकारणी लागते. कौले उतरवायची, फुटलेली बदलायची, रिपा आणि वासे तपासायचे, वाळवी पाहायची. घरात माणूस राहत असेल तर गळती पहिल्याच सरीला कळते. बंद घरात ती कळते तोवर भिंतीत ओल उतरलेली असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने रायगडातील कित्येक घरांची छपरे उडाली. त्या वेळी घाईने टाकलेले पत्रे अनेक ठिकाणी अजून तसेच आहेत.

दुसरे कारण म्हणजे सगळे नातेवाईक एकत्र येण्याचा हा वर्षातला जवळपास एकमेव प्रसंग. पाच-सहा बिऱ्हाडे एका छपराखाली झोपतात, गौरीला माहेरवाशिणी येतात. त्यामुळे न्हाणीघर, स्वच्छतागृह, वीजजोडणी आणि छप्पर यांचे सगळे दोष याच दिवसांत दिसतात.

कौले काढून स्लॅब टाकला तर काय बिघडते?

गळतीला कंटाळून ‘एकदाच स्लॅब टाकून मोकळे होऊ’ असे कोणीतरी सुचवतेच. आधी वजनाचा हिशेब पाहा. रिपांसह मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो धरतात. पाच इंची काँक्रीट स्लॅबचे तेवढ्याच जागेतले वजन ३०० किलोच्या वर जाते. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीवर कौलांचा भार पाऊण टनाच्या आसपास, तर स्लॅबचा साडेतीन टनांच्या आसपास पडतो. मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगड-विटांच्या जुन्या भिंती त्यासाठी बांधलेल्या नसतात. स्लॅब हवाच असेल तर खांब, तुळया आणि पाया वेगळा लागतो. म्हणजे ती दुरुस्ती राहत नाही, ते नवे घर होते.

दुसरी नेहमीची चूक गिलाव्याची. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की बाहेरून ती चकचकीत दिसते, पण आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर फरशी बसवली की जमिनीतली ओल भिंतींकडे वळते. काही वर्षांत पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा जास्त मानवतो. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब नेणारी पन्हळ आणि गटार हा खर्च रंगापेक्षा आधी करायला हवा.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. आहे त्या उंचीवर छप्पर बदलणे, गिलावा, फरशी ही साधारणपणे दुरुस्ती धरली जाते. घर पाडून बांधणे, खोली वाढवणे, मजला चढवणे यासाठी परवानगीचा प्रश्न येतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ५२ बांधकामाच्या परवानगीविषयी आहे. नगरपालिका हद्दीत, खाडीलगत किंवा शेतजमिनीवर घर असेल तर नियम आणखी वेगळे. काम सुरू करण्याआधी लेखी विचारणा करून ठेवलेली बरी.

घर नेमके किती जणांचे?

एक उदाहरण घेऊ. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधले. आजी त्यांच्याआधीच गेली. आजोबा मृत्युपत्र न करता वारले. त्यांना दोन मुलगे, दोन मुली. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा मिळाला. पुढे धाकटा मुलगा वारला. त्याच्या मागे पत्नी, मुलगा आणि मुलगी. त्याचा चतुर्थांश या तिघांत सारखा वाटला जाईल, म्हणजे प्रत्येकी एक बारांश. आता घराचे मालक सहा जण झाले. आणखी एक पिढी गेली की हा आकडा वीस-पंचविसावर सहज जातो.

वाटणी झालेली नसेल तोवर ‘ओटी माझी, माजघर तुझे’ असे काही नसते. प्रत्येकाचा हिस्सा संपूर्ण घरात असतो. आजोबांनी मृत्युपत्र केले असेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित घराला ते लागू होते. घर पिढीजात असेल तर हिश्शांचे गणित थोडे बदलते. मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना वारशाचे वेगळे नियम लागू होतात.

बहिणींचे लग्न झाले, मग त्यांचा हक्क उरतो का?

उरतो. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या कायद्यानेच दिला होता. अडचण राहत्या घराची होती. त्या कायद्यातील कलम २३ नुसार, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलगे मागत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नव्हती. विवाहित मुलीला तिथे राहण्याचाही हक्क नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने हे कलमच काढून टाकले. त्याच दुरुस्तीने पिढीजात मालमत्तेतही मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच या दिशेने कायदा केला होता, पण तो तोवर लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हता. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट यासाठी नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळे उलटत नाहीत.

त्यामुळे दुरुस्तीच्या बैठकीला फक्त भाऊ बसले आणि बहिणी स्वयंपाकघरात राहिल्या, तर ती बैठक निम्म्या मालकांविनाच झालेली असते.

घरपट्टी ज्याच्या नावे, घर त्याचे?

वाद बहुतेकदा इथूनच सुरू होतो. गावठाणातील घरांना शेतजमिनीसारखा सातबारा नसतो. लोकांच्या हाती असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे असेसमेंटचा उतारा. त्यात मालकाचा आणि भोगवटादाराचा असे वेगळे रकाने असतात. गावी राहून घर सांभाळणाऱ्या भावाचे नाव त्यात असणे स्वाभाविक आहे. पण ही नोंद कर वसुलीसाठी असते. अशा नोंदींमुळे मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

तरीही नोंदीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. चौकशीच्या वेळी ग्रामपंचायतीची जुनी नोंद पाहिली जाते. त्यात एकच नाव असेल आणि कोणी हरकत घेतली नाही, तर तेच नाव पुढे जाण्याची शक्यता असते. म्हणून आपल्या गावाची मोजणी झाली का, पत्रिकेवर कोणाकोणाची नावे आहेत, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पाहून घ्यावे.

एकाने सगळा खर्च केला तर त्याचा हिस्सा वाढतो का?

आपोआप नाही. वरच्या उदाहरणात थोरल्या भावाने सहा लाख खर्चून छप्पर आणि न्हाणीघर केले, तरी त्याचा हिस्सा एक चतुर्थांशच राहतो. मात्र घर टिकवण्यासाठी गरजेचा खर्च केल्याचे पुरावे असतील, तर वाटणीच्या वेळी तो हिशेबात धरण्याची मागणी त्याला करता येते. हिश्शाप्रमाणे पाहिले तर दोन्ही बहिणी आणि दिवंगत भावाची शाखा यांच्याकडे प्रत्येकी दीड लाख निघतात. पावत्या नसतील, कोणाला विचारलेले नसेल आणि गरजेपेक्षा हौसच जास्त असेल, तर ही मागणी कमकुवत होते. इतरांच्या संमतीविना घराचे मूळ रूपच बदलले, तर तेही न्यायालयात जाऊ शकतात.

हे दुसऱ्या बाजूनेही खरे आहे. वर्षानुवर्षे एकच भाऊ घरात राहिला म्हणून बाकीच्यांचा हक्क बुडत नाही. पण त्याने वीस वर्षे कौले बदलली, दिवाबत्ती केली, घरपट्टी भरली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. मुंबईकराला वाटते, पैसे मी दिले. गावकऱ्याला वाटते, घर मी राखले. दोघांचेही म्हणणे खरे असते, कागदावर मात्र कोणाचेच नसते.

एखाद्याने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला तर?

ही भीती अनेक कुटुंबांत असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्या व्यक्तीने विकत घेतला, तरी त्याला कुटुंबासोबत त्या घराचा एकत्र ताबा मागता येत नाही. तो वाटणीचा दावा लावू शकतो. तसे झाल्यास १८९३ च्या वाटणी कायद्यातील कलम ४ नुसार, न्यायालय ठरवेल त्या किमतीला तो हिस्सा विकत घेण्याची मागणी कुटुंबातील हिस्सेदाराला करता येते.

कागद कोणता करावा?

तीन वेगवेगळ्या गोष्टी इथे एकमेकींत मिसळल्या जातात.

पहिली, खर्चाची टिपणी. दुरुस्तीला सगळ्यांची संमती आहे, कोणी किती दिले, हिस्से आहेत तेच राहतील, एवढेच लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या. यात कोणाचा हक्क जात किंवा येत नाही.

दुसरी, हक्कसोडपत्र. एखादी बहीण किंवा भाऊ स्वखुशीने हिस्सा सोडत असेल तर ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावेच लागते. नोंदणीविना साध्या कागदावर किंवा मुद्रांकावर घेतलेली सही पुरत नाही. आणि ‘दुरुस्तीच्या परवानगीसाठी सही लागते’ असे सांगून असा कागद पुढे केला जात असेल, तर तो वाचल्याशिवाय सही करू नये.

तिसरी, वाटणीपत्र. त्यानेच हिस्से वेगळे होतात, म्हणून त्याचीही नोंदणी लागते. आधीच तोंडी ठरलेल्या कौटुंबिक तडजोडीची केवळ आठवण म्हणून केलेल्या टिपणीला नोंदणी सक्तीची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काळे खटल्यात म्हटले आहे. पण ती सीमारेषा बारीक असल्याने वकिलाचा सल्ला घ्यावा. परदेशातील भावंडाला येणे जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्राचा मार्ग आहे.

मग यंदाच्या गणपतीत काय करता येईल?

१२ आणि १३ सप्टेंबरला शनिवार-रविवार, १४ ला चतुर्थीची सुट्टी. बहुतेक सरकारी कचेऱ्या सलग तीन दिवस बंद असतील. त्यामुळे नमुना ८, मिळकत पत्रिका असल्यास तिची प्रत आणि वारसांची यादी आधीच काढून ठेवावी. गळती, वासे, भिंती यांचे फोटो आणि गवंडी-सुताराचे लेखी अंदाजपत्रक ग्रुपवर टाकावे. बैठक आरतीनंतरच्या गडबडीत न घेता सवडीने घ्यावी आणि तिला बहिणी, भावजया, दिवंगत भावाची मुले यांनाही बसवावे. आधी ठरवावे ते एवढेच : घर ठेवायचे की नाही, ठेवायचे तर गरजेची कामे कोणती आणि दरवर्षी कोण किती देणार.

कोकणातील कित्येक घरांत गणपतीची पाळी असते. यंदा कोणाचा खर्च, पुढच्या वर्षी कोणाचा, कोणाची अडचण असेल तर कोणी उचलायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या विनावाद चालते, कारण ते आधी ठरलेले असते आणि सगळ्यांना माहीत असते. ज्या मखरासाठी पाळी लावता येते, त्यावरच्या छपरासाठीही ती लावता येईल. एक वही, दरवर्षीची वर्गणी आणि सगळ्यांच्या सह्या एवढ्यावर ते होऊ शकते. हे न ठरवता टाकलेली नवी कौले पाऊस अडवतील, पण पुढच्या पिढीला त्याच छपराखाली एकत्र आणतील याची खात्री देणार नाहीत.