पाण्याखालचा भात

भाताच्या खाचरात पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू झपाट्याने संपतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे 10 हजार पट हळू पसरतो. याच स्थितीत तुरीची मुळे गुदमरून कुजतात.

भात मात्र तग धरतो. पाण्याखाली इथिलीन हा वायुरूप संप्रेरक मुळात साचतो, त्याच्या इशाऱ्याने सालीतल्या काही पेशी मरतात आणि पोकळ नळ्या तयार होतात. पानांनी घेतलेली हवा त्यातून थेट मुळांच्या टोकापर्यंत उतरते. त्यातला थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो, हेही फार मोलाचे. पाणथळ मातीत लोह विरघळून विषारी ठरू शकते. या प्राणवायूमुळे ते मुळाबाहेरच गंजते. उपटलेल्या रोपाच्या मुळांवरचा तांबूस थर तोच.

खोडाची गोष्ट वेगळी. पूर्ण बुडालेला साधा भात पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी उंच वाढू लागतो. साठवलेली साखर त्यात खर्ची पडते आणि पूर ओसरल्यावर रोप लोळते. ओडिशातल्या एका देशी भातापासून निवडलेल्या ‘एफआर 13 ए’ या वाणात ‘सब 1 ए’ हे जनुक ही धडपड थांबवते. रोप वाढ रोखून साखर राखते.

2006 मध्ये या जनुकाची ओळख पटली. नेहमीच्या संकरातून ते लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात आणले गेले आणि 2009 मध्ये ‘स्वर्णा-सब 1’ भारतात प्रसारित झाले. साधारण दोन आठवडे बुडूनही ते पुन्हा फुटवे धरते.