फिट्झरॉय : एका ‘बोहेमियन’ वस्तीचा दुसरा इतिहास

‘बोहेमियन’ हा शब्द वर्गात आला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे कवी, चित्रकार, कॉफीगृहे आणि रूढी झुगारणारे जगणे उभे राहते. शब्दाचे कूळ मात्र कोणी विचारीत नाही. भटके रोमा लोक बोहेमिया प्रांतातून आले, अशा समजुतीने फ्रान्समध्ये त्यांना हे नाव पडले. प्रत्यक्षात त्यांचे मूळ भारतातले, हे त्यांच्या भाषेच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गरीब कलावंतांनाही तेच नाव मिळाले. कलावंताला ते भूषण ठरले. रोमा माणूस बहिष्कृतच राहिला. शब्दाचे जे झाले तेच वस्तीचेही होते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराचे फिट्झरॉय हे उपनगर त्याचे ठळक उदाहरण आहे.

वुरुंजेरी या मूळ रहिवाशांच्या भूमीवर १८३९ साली भूखंड पाडून मेलबर्नचे हे पहिले उपनगर वसविण्यात आले. पुढे कारखाने आले, घरे दाटली आणि ‘गलिच्छ वस्ती’ म्हणून त्याचे नाव झाले. भाडे कमी आणि काम जवळ, म्हणून मिशनांतून व सरकारी राखीव वसाहतींतून बाहेर पडलेली ॲबोरिजिनल कुटुंबे येथे आली. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली-ग्रीसचे मजूर आले.

डग निकोल्स हा ॲबोरिजिनल फुटबॉलपटू १९३२ साली फिट्झरॉयच्या संघात आला. त्यापूर्वी दुसऱ्या एका संघात मालिश करणाऱ्यांनी त्याच्या काळ्या अंगाला हात लावायचे नाकारले होते. हा विटाळ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. निकोल्स पुढे पाद्री झाले, गोर स्ट्रीटवरील आपल्या लोकांचे चर्च त्यांनी सांभाळले आणि १९७६ साली ते साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले.

गर्ट्रूड स्ट्रीट हा या समाजाचा चव्हाटा होता. मिशनमध्ये ताटातूट झालेले नातलग येथे एकमेकांना शोधीत येत. लहानपणी सरकारने आईबापांपासून तोडलेला गायक आर्ची रोच याला आपली भावंडे याच भागात भेटली. १९७३ साली याच रस्त्यावर ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःची आरोग्यसेवा उभारली. दया नको, कारभार आमच्या हाती हवा, ही तिची भूमिका होती. तिच्या संस्थापकांपैकी ब्रूस मॅकगिनेस यांच्यावर अमेरिकेतील कृष्णवर्णीय चळवळीचा प्रभाव होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव त्याच चळवळीतून घेतले.

याच सुमारास स्वस्त भाड्यामुळे विद्यार्थी, लेखक, नट येथे राहू लागले. हेलन गार्नर यांच्या १९७७ च्या ‘मंकी ग्रिप’ या कादंबरीने त्या जीवनाला कीर्ती दिली. ब्रन्सविक स्ट्रीटवर कॉफीगृहे आली. कीर्तीमागून पैसा आला, पैशामागून भाडे चढले आणि आधीची माणसे दूरच्या उपनगरांत गेली. गर्ट्रूड स्ट्रीटवरील आरोग्यसेवेच्या जुन्या इमारतीत २००९ साली उपाहारगृह निघाले. ॲबोरिजिनल तरुणांना तेथे काम शिकवीत, हे खरे. पण ते २०२१ साली बंद पडले.

मग गरीब तेथे टिकले कोठे? जुनी घरे पाडून १९७० च्या सुमारास सरकारने बांधलेल्या वीस मजली चार इमारतींत. सुंदर वस्तीवरचा डाग म्हणून ज्यांना नावे ठेवली गेली, त्याच इमारतींनी गरिबांना शहराच्या मध्याजवळ जागा दिली. मेलबर्नमधील अशा सर्व ४४ इमारती २०५१ पर्यंत पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय सरकारने २०२३ साली जाहीर केला. त्यात याही आल्या.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे वस्तीचा इतिहास वाचताना तिच्या रंगाआधी मी तिचे भाडे पाहतो. कलावंतावर माझा राग नाही. तोही गरीब असतो. पण बहुधा त्याला परतायला घर असते. ज्याला ते नसते त्याच्यासाठी वस्ती ही हौस नव्हे, तोच त्याचा निवारा. आपल्या वस्त्यांवरही आज कौतुकाने लिहिले जाते. ते वाचताना कार्यकर्त्यांनी एक प्रश्न हाताशी ठेवावा : या कौतुकानंतर घराच्या कागदावर नाव कोणाचे राहणार?